न वाजलेला ठोका

"पडून रडणारीकडे चालत गेलीस तरी चालेल. पडून लगेच हसत उठणारीकडे मात्र धावत जा."

मास्तरीणबाईंनी हे सांगितलं तेव्हा ती वीस वर्षांची होती, आणि विसाव्या वर्षी कुणाचाही इशारा म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. "हसतेय म्हणजे धडच आहे ना? मग कशाला उगीच धावायचं?" असं ती फटकन बोलून गेली. मास्तरीणबाईंनी वाद घातला नाही. तिच्या हेल्मेटवर एक टिचकी मारली आणि त्या पुढच्या मुलीला पडायला शिकवायला गेल्या.

हो, पडायलाच. कॉलेजच्या मागे पोहण्याचा एक जुना तलाव होता. पाणी केव्हाच सोडून दिलेलं, निळ्या फरशा जागोजागी निखळलेल्या, आणि तळाशी वाऱ्याने आणून टाकलेला पाचोळा. संध्याकाळी त्या कोरड्या तलावात सात-आठ मुली स्केटबोर्ड घेऊन उतरायच्या. मास्तरीणबाई खरं तर कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावायच्या. चाळिशी उलटलेली, दोन्ही कोपरांवर जुने व्रण, आणि बोलणं अगदी मोजकं. पहिला आठवडाभर त्या कुणाला बोर्डवर पाय ठेवू द्यायच्या नाहीत. "पडणार तर आहेसच. मग ते तरी नीट शिकून घे." अंग सैल सोडायचं, हात ताठ टेकवायचे नाहीत, खांद्यावरून लोळायचं. ती इतकी लोळली, की गुडघ्यावर एक पट्टी सुकेपर्यंत दुसरी लागायची. त्यावरून तिचं नावच पडलं, चिकटपट्टी.

त्या तलावाचा एक कायदा होता. जी पडेल तिने तशीच पडून राहायचं. तीन श्वास घ्यायचे, पायाची बोटं हलवायची, हाताची हलवायची, मान हलवायची, आणि मग तळहाताने बोर्डवर ठोका द्यायचा. दोन ठोके म्हणजे मी बरी आहे, चालू द्या. एक ठोका म्हणजे या, पण सावकाश. आणि ठोका वाजलाच नाही, तर सगळ्यांनी हातातलं टाकून धावायचं.

त्या सगळ्यांत भिंगरी नावाची मुलगी होती, चिकटपट्टीची जिवाभावाची मैत्रीण. एका संध्याकाळी भिंगरी तलावाच्या काठावरून उलटी पडली. डोकं आपटल्याचा आवाज चिकटपट्टीने स्वतःच्या कानांनी ऐकला. पण बोर्ड अजून घरंगळत होता तोच भिंगरी हसत उठली आणि पळत जाऊन तिने बोर्डवर दोन ठोके दिले. "काय बघताय? पाहिली नाहीत का कधी पडलेली मुलगी?" सगळ्या हसल्या. चिकटपट्टीही हसली. मास्तरीणबाई नेमक्या त्या दिवशी आल्या नव्हत्या. भिंगरी एकटीच घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिला हॉस्पिटलात न्यावं लागलं. जिवावरचं निभावलं, पण डोक्याला बसलेल्या त्या माराने तिची वास घेण्याची शक्ती गेली ती गेलीच. आता दोघी तिशीच्या झाल्या, तरी भिंगरी अधूनमधून फोनवर दुधाच्या पातेल्याचा फोटो पाठवते. "बघून सांग, नासलंय का?" फोटोवरून काय कळणार, कपाळ! तरी चिकटपट्टी दर वेळी निरखून बघते आणि काहीतरी सांगते. नाही म्हणायची तिची हिंमत होत नाही.

आता चिकटपट्टी एका मोठ्या हॉस्पिटलच्या औषधखोलीत काम करत होती. वय एकतीस, घरी दहा महिन्यांची लेक, आणि डोळ्यांखाली अशी काळी वर्तुळं की लांब्या म्हणायचा, "बाई, काजळ जरा खाली उतरलंय."

लांब्या म्हणजे त्याच खोलीतला तिचा सहकारी. दार लावताना वाकावं लागेल एवढा उंच, आणि तोंडाला कुलूप नाही. तिसऱ्या होत्या ताई. वयाने सगळ्यांत मोठ्या, अठ्ठावीस वर्षं याच खोलीत. त्यांना काहीही विचारा, उत्तर एकच: "झेपतंय गं." लांब्याने त्यांच्या माघारी त्यांचं नाव झेपतंयताई ठेवलं होतं. एकदा ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरंय की. तुझं नाव ठेवायचं तर न-झेपतंय ठेवावं लागेल."

या खोलीतून अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागात औषधं जात. मुठीएवढी बाळं ती, त्यांचं औषध म्हणजे सिरिंजच्या तळाशी जेमतेम दिसेल एवढं. म्हणून कामाची रीत ठरलेली होती. एकाने चिठ्ठी वाचून सिरिंज भरायची, लेबल लावायचं. दुसऱ्याने चिठ्ठी, लेबल आणि सिरिंजमधली पातळी ताडून बघायची आणि मगच सही करायची. या दुसऱ्याला सगळे 'दुसरे डोळे' म्हणत. "आज माझे दुसरे डोळे कोण?" असं विचारूनच सकाळ सुरू व्हायची.

इथे नोकरीला लागताना तिच्या अर्जात छंद म्हणून स्केटबोर्डिंग लिहिलेलं होतं. मुलाखतीत समोरचे एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे हाडं मोडून घ्यायचा छंद?"

"नाही. हाडं न मोडता पडायचा," ती म्हणाली. मग जिभेवर आलंच आहे म्हणून बोलत सुटली. एकच उडी चारशे वेळा चुकल्यावर चारशेएकाव्यांदा जमते, तेव्हा चुकण्याची लाज वाटेनाशी होते. अवघड काम दिसलं की त्याचे तुकडे पाडायचे, आधी नुसता मागचा पाय, मग पुढचा, मग दोन्ही. आणि वळणावर खड्ड्याकडे बघायचं नसतं. जिकडे बघाल तिकडेच जाल. शेवटी तिने त्या ठोक्यांबद्दलही सांगितलं. ते गृहस्थ घड्याळ बघत होते. पण त्यांच्या शेजारी बसलेल्या विभागाच्या मोठ्या बाईंनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

बाळंतपणाची रजा संपवून ती परत आली तेव्हा मोठ्या बाईंनी तिला बोलावून सांगितलं, "तुझं ते ठोक्याचं प्रकरण आपल्या खोलीत चालू करून बघ."

मग तसं चालू झालं. हातून काही चुकलं, चुकता चुकता राहिलं, नुसती शंका आली, तरी स्टीलच्या टेबलावर बोटांनी एक ठोका द्यायचा. बाकीच्यांनी हातातलं थांबवायचं. कोणी रागवायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. चूक निस्तरली की दोन ठोके, आणि काम पुढे. पहिल्या दिवशी लांब्याने सकाळी दहाच्या आतच सहा ठोके दिले. "हे काय औषधखोली आहे की तबल्याचा क्लास?" ताई पुटपुटल्या. पण महिन्याभरात फरक दिसला. वॉर्डातून परत येणारे ट्रे कमी झाले. लोक चुका पोटात ठेवून घरी जाईनासे झाले. तिच्या जिवाला तेवढाच विसावा. घरी लेक झोपू देत नव्हती, इथे निदान चुकण्याची धास्ती वाटून घेता येत होती.

मोठ्या बाई म्हणाल्या, "नोंद ठेव. आकडे असले की वरच्यांना पटतं."

तिने चौकटींची वही आणली. एका ओळीत लांब्या, एका ओळीत ताई, एका ओळीत ती स्वतः. प्रत्येक ठोक्याला एक फुली. हेतू कुणाचाच वाईट नव्हता, पण गफलत झाली ती इथेच.

पाच महिन्यांनी मोठ्या बाईंनी पुन्हा बोलावलं. गुरुवारी सगळ्या विभागांसमोर तिने वीस मिनिटं बोलायचं होतं. विषयही त्यांनीच ठरवला होता: स्केटबोर्डिंगने नोकरीसाठी काय शिकवलं. "आणि हो, वहीत ज्याच्या सगळ्यांत कमी फुल्या असतील त्याला तिथेच प्रशस्तिपत्र देऊ. नाव मला उद्यापर्यंत दे."

मंगळवारी दुपारी ती चादरींच्या कोठीत बसून लेकीसाठी दूध काढत होती. हॉस्पिटलात या कामाला दुसरी जागा नव्हती. दार आतून बंद, पाठीला धुतलेल्या चादरींची थप्पी, एका हातात पंप आणि मांडीवर ती वही. डोळे मिटत होते. फुल्या मोजताना आकडा तीनदा चुकला, तेव्हा कोठीच्या फळीवर तिने सवयीने ठोका दिला आणि स्वतःशीच कसंनुसं हसली. लांब्याच्या एकेचाळीस. तिच्या तेवीस. आणि ताईंची ओळ कोरी. पाच महिन्यांत एकही फुली नाही.

"कमाल आहे बाई," ती मनाशी म्हणाली आणि तिने प्रशस्तिपत्रासाठी ताईंचं नाव कागदावर लिहिलं. खाली भाषणाचे मुद्दे लिहायला घेतले. पडायला शिकणं. तुकडे पाडणं. नजर कुठे ठेवायची. मग ठोके. दोन म्हणजे बरी आहे. एक म्हणजे या. ठोका वाजला नाही, तर...

पंपाचा घरघर आवाज चालू होता. तिने पेन उचललंच नाही. मांडीवरच्या त्या कोऱ्या ओळीकडे ती बघत राहिली.

तलावात ठोका ऐकू आला नाही तर आम्ही धावत होतो. इथे पाच महिने ठोका ऐकू आला नाही, आणि आम्ही बक्षीस द्यायला निघालोय.

एकदा हे डोक्यात शिरल्यावर बाकीचं आपोआप आठवायला लागलं. गेल्याच आठवड्यात ताई दाराच्या चौकटीला डाव्या खांद्याने आपटल्या होत्या. दणकन आवाज आला आणि आवाज विरायच्या आत त्या हसल्या होत्या. "दार जाड झालंय गं हल्ली, माझ्यासारखंच." सगळे हसले होते. तीही.

चहाच्या वेळी तिने ताईंना गाठलं. "ताई, बऱ्या आहात ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"नाही, दमल्यासारख्या वाटता."

"दमल्यासारखी तू दिसतेस. आरशात बघ जरा. लेक झोपते का आता?"

"कुठली झोपते. पण तुम्ही..."

"झेपतंय गं. जा, सिरिंजचं खोकं संपलंय, नवीन आण."

संपलंय? नवं खोकं तर शुक्रवारी फोडलं होतं. पण तिला घरी जायची घाई होती, दूध फार वेळ बाहेर ठेवून चालणार नव्हतं. तिने खोकं आणून दिलं आणि गेली. अकरा वर्षांपूर्वीचं वाक्य कानात वाजत असूनही गेली. दमलेल्या माणसाला जे उत्तर ऐकायचं असतं ते मिळालं, की तो दुसरा प्रश्न विचारत नाही.

बुधवारी सकाळी ताईंचे दुसरे डोळे लांब्या होता, दुपारी ती. सकाळपासून ती ताईंच्या हातांकडे बघत होती. ताई चिठ्ठी खिडकीशी नेऊन वाचत होत्या, आणि वाचताना नुसते डोळे नाही, सगळं डोकं डावीकडे वळवत होत्या. चहाचा कप भरताना त्यांनी काठावर बोट ठेवलं होतं, चहा कुठवर आला ते बोटाला कळावं म्हणून. एक सिरिंज भरून त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि तेच औषध दुसऱ्या सिरिंजमध्ये पुन्हा भरलं. कोणाला कळणार नाही अशा बेताने.

दुपारी ताईंनी सहा सिरिंजचा ट्रे तिच्यासमोर सरकवला. तिने पहिली बघितली, सही केली. दुसरी, तिसरी, सही. चौथीशी येईपर्यंत लेकीच्या रडण्याने फुटलेल्या झोपा डोळ्यांवर उतरल्या होत्या, आणि सकाळपासून ज्या हातांवर नजर ठेवली त्याच अठ्ठावीस वर्षं मुरलेल्या हातांवर तिचा विश्वासही होता. ताईंचा ट्रे म्हणजे बावनकशी. पेन कागदाला टेकलं. सहीचं पहिलं अक्षर उमटलं. आणि मग तिला सिरिंज दिसली. चिठ्ठीत दुसऱ्या रेघेपर्यंत औषध सांगितलं होतं. सिरिंजमध्ये ते सहाव्या रेघेपर्यंत होतं.

तिला वाटलं आता ओरडावं. ताई शेजारीच उभ्या होत्या, हातमोजे काढत, तोंडावर नेहमीचं हसू. तिने बोटं वळली आणि टेबलावर ठोका दिला.

लांब्याने मान वर केली. "काय झालं?"

"माझा आहे," ती म्हणाली. "मी न बघता सही करत होते. ताईंनी भरलंय म्हणून."

ताईंनी ट्रेकडे बघितलं. मग डोकं वळवून पुन्हा बघितलं. हातमोजा अर्धवट तसाच राहिला. मग ताईंनी टेबल चाचपत हात पुढे नेला आणि एक ठोका दिला. पाच महिन्यांतला पहिला. इतका हळू की कागदावर थेंब पडावा.

लांब्याने स्टूल पुढे केलं. ताई बसल्या. रडल्या नाहीत.

"डाव्या डोळ्यात खालून काळं येतंय," त्या म्हणाल्या. "पडदा ओढल्यासारखं. आधी नुसते ठिपके होते. म्हटलं वयाचं असेल. आता अर्ध्यावर आलंय."

"कधीपासून?"

"महिना झाला असेल."

"महिना? ताई, चार मजले वर डोळ्यांचा विभाग आहे आपला!"

"माहितीय मला. तुझ्या आधीपासून आहे तो," ताई जरा तडकल्या. मग आवाज खाली आला. "प्रत्येक औषध दोनदा भरत होते. पहिलं टाकून द्यायचं, दुसरं बोटाने मोजून बघायचं. मला वाटलं, कळलं तर बसवतील घरी. आणि दुसरं म्हणजे तुझी ती वही. माझ्यापुढे सगळं कोरं होतं. रोज संध्याकाळी मी बघायचे. एवढं कोरं राहिलं की मग त्यावर फुली मारवत नाही गं."

वही तिचीच होती, अक्षरही तिचंच.

पुढचा अर्धा तास हात काम करत होते, डोकं मागून येत होतं. मास्तरीणबाईंनी हेच तर शिकवलं होतं, तुकडे पाड. आधी सिरिंज. तिने चौथी बाजूला काढली, बाकीच्या पाचही नीट ताडल्या. मग वॉर्ड. फोन करून सांगितलं की सकाळचा ट्रे थांबवा, एकही औषध देऊ नका. पलीकडच्या परिचारिकेने विचारलं, "तीन दिलीत की हो आम्ही. काय झालंय?" बाळांच्या त्या काचेच्या पेट्या डोळ्यांसमोर आल्या, आणि दर पेटीत तिला आपलीच लेक दिसायला लागली. लांब्या एव्हाना सकाळचे कागद चाळत होता.

"सकाळचे दुसरे डोळे मी होतो," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता, पण आवाज ठाम होता. "तिन्ही मी उजेडात धरून बघितलीत. बाई, मी घराचं कुलूप चारदा ओढून बघणारा माणूस आहे. ती बरोबर होती."

उरलेली तीन वॉर्डातून परत आणून त्यांनी ताडली. तीही बरोबर निघाली. मोठ्या बाईंना तिने जसंच्या तसं सांगितलं, मीठमिरची न लावता आणि काही न लपवता. मग ताईंच्या कोपराला धरून लिफ्टकडे नेलं.

"मी चालू शकते," ताई म्हणाल्या.

"माहितीय. मलाच आधार हवाय," ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, पुन्हा तपासलं. डोळ्याच्या आतला पडदा एका बाजूने सुटत चालला होता. आजच दाखल व्हा, उद्या सकाळी शस्त्रक्रिया. "मधला भाग अजून धरून आहे, हे नशीब. थोडं आधी आला असतात तर..." डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं नाही. ताईंनी ते पुरं करून घेतलं नाही. नुसतं विचारलं, "उजव्याने सिरिंज भरता येईल ना?"

"ते नंतर बघू. आधी डावा."

"बघा हं. अठ्ठावीस वर्षं झालीत."

दाखल होण्याचा कागद भरताना ताईंना सही कुठे करायची ते दिसेना. तिने रेघेवर बोट ठेवलं. ताईंनी त्या बोटाला लागून सही केली.

गुरुवारी ती सभागृहात बोलायला उभी राहिली तेव्हा ताई शस्त्रक्रियेच्या टेबलावर होत्या. तिने लेकीमुळे तीन आणि ताईंमुळे दोन, असे पाच तास जागून काढले होते. पडद्यावर मुद्दे सुबक ओळीत लावलेले. पडायला शिका. कामाचे तुकडे पाडा. नजर योग्य जागी ठेवा. ते तिने सांगितलं, आणि त्यातलं काही खोटं नव्हतं. या सगळ्यानेच तिला इथवर आणलं होतं. पण आवाजाला धार नव्हती. मागच्या रांगेत कोणीतरी जांभई दिली, तिचा तिला राग आला नाही, हेवा वाटला.

"प्रशस्तिपत्र," मोठ्या बाईंनी पुढच्या रांगेतून हळूच आठवण केली. काल सगळं ऐकूनही छापलेला कागद त्यांच्या हातात होता. त्यावर नाव घालायची जागा कोरी होती.

"ते द्यायचं नाही, मॅडम," ती माइकमध्येच बोलून बसली. सभागृह एकदम जागं झालं. "म्हणजे, चूक माझी आहे. आम्ही तलावात ठोके मोजत नव्हतो. ऐकत होतो. कोण गप्प आहे ते ऐकायचं असायचं. मी इथे मोजायला लागले, आणि ज्यांचा आवाज येत नव्हता त्यांना पहिला नंबर दिला. वही मी फाडून टाकली आहे. मॅडम, तुम्हाला न विचारता फाडली. ठोके चालू राहतील. आकडे मिळणार नाहीत."

कोणाला टाळ्या वाजवाव्या की नाही कळेना. एक लेखनिक उठून म्हणाले, "मग आता आम्ही सगळ्यांनी स्केटबोर्ड घ्यायचा का?"

"नको," लांब्या मागून ओरडला. "वॉर्डात जागा नाही!" तेव्हा कुठे लोक हसले. मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी तो छापलेला कागद दुमडला, पुन्हा दुमडला आणि पर्समध्ये ठेवला. जाताना एवढंच म्हणाल्या, "वरच्यांना काय सांगायचं ते आता तूच लिहून दे."

दुपारी ताईंना खोलीत आणलं. डोळ्यावर जाड पट्टी, कित्येक दिवस मान खाली घालून राहायचं. दृष्टी किती परत येईल ते पट्टी सुटल्याशिवाय कळणार नव्हतं. ताईंची बहीण उशाशी बसली होती.

"ताई, मी आलेय."

पालथ्या तोंडाने आवाज आला, "चिकटपट्टी ना तू? लांब्याने सांगितलं मला तुझं नाव." जरा थांबून, "नाही झेपत गं असं झोपायला." तिला इतकं बरं वाटलं, की ती तिथेच भिंतीला टेकली.

घरी पोचली तेव्हा उजेड होता अजून. सासूबाई जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या आणि लेक त्यांचा खांदा धरून उभी राहायची खटपट करत होती. सुटली, बदकन बसली, आणि रडायचं की हसायचं ते ठरवायला तिने आईच्या तोंडाकडे बघितलं. आईने तोंडावर काहीच आणलं नाही. नुसती वाट बघितली. लेकीने विचार केला आणि चांगला मोठा भोंगा पसरला.

"शाब्बास," ती म्हणाली.

"शाब्बास काय? पोरगी रडतेय," सासूबाई म्हणाल्या. मग तिच्याकडे निरखून, "दमलीस का गं?"

"नाही आई, झेप..." शब्द ओठांवर आला होता. पाठ भरून आली होती, पाय उचलत नव्हते, आणि कधीपासून असं आहे ते तिला स्वतःलाच सांगता आलं नसतं. तिने खाली बसून फरशीवर बोटाने एक ठोका दिला.

"हे काय आता?"

"दमलेय, आई. खूप. दहा महिने झाले."

सासूबाईंनी लेकीला एका मांडीवर घेतलं आणि दुसरी मांडी थोपटली. "मग बोलायचं नाही का? मला काय स्वप्न पडतं?" तिने डोकं टेकलं. वर लेक भोकाड पसरून रडत होती, आणि तिला डोळे उघडवत नव्हते. फोन वाजला. भिंगरीने दुधाचा फोटो पाठवला असणार. आज तिने उत्तरात दुधाबद्दल लिहिलं नाही. 'त्या दिवशी मी धावायला हवं होतं', एवढंच लिहिलं.

आता तुम्हाला एक सांगणं आहे. तुमच्या ओळखीतही अशी एक बाई असेल, किंवा बाप्या असेल, ज्यांचं कधी काही चुकत नाही, ज्यांचं सगळं झेपतं, आणि फोन केला की पहिल्या घंटीला 'मजेत' असं उत्तर येतं. कोण ते तुम्हाला आत्ता आठवलंच असेल. आज त्यांच्याकडे जा. 'बरी आहेस ना' असं विचारू नका, त्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार असतं. शेजारी बसा, हात काय करतायत ते बघा, आणि आधी आपला एक ठोका देऊन त्यांच्या ठोक्याची वाट बघा. आलाच नाही, तर उठून येऊ नका.